पेटीची जागा

काटेवाल्यांच्या गाडीत पुढे दोन सीट होत्या. एकीवर ते स्वतः बसत आणि दुसरीवर त्यांची पेटी बसे. बसे म्हणजे अगदी पट्टा लावून बसे. जाड लाकडाची, आतून लाल मखमल लावलेली आणि एक ग्रॅमपासून दहा किलोपर्यंतची पितळी वजनं पोटात घेतलेली ही पेटी तीस वर्षं त्यांच्या शेजारून हलली नव्हती. गावोगावचे वजनकाटे तपासायचे, बिघडले असतील तर दुरुस्त करायचे आणि दाखला लिहून द्यायचा, हा त्यांचा धंदा. ज्या वजनांनी दुसऱ्यांचे काटे तपासायचे, ती वजनंच हादरे खाऊन झिजली तर मग जगात खरं काय उरलं, असं त्यांचं म्हणणं. त्या वजनांना ते उघडा हातसुद्धा लावत नसत. आधी पांढरे सुती हातमोजे चढवायचे, मगच पेटी उघडायची. माणूस सज्जन होता, हाताचा पक्का होता, पेटीच्या बाबतीत मात्र थोडा वेडा होता. पण तीस वर्षं एकट्याने गाडीत राहिलेल्या माणसाला एवढं वेड माफ करायला हरकत नाही.

मागच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. नवरदेव अठ्ठावन्न वर्षांचे, नवरी चौपन्नची. ती एका दवाखान्यात नर्स होती. तिथे बाळांचं वजन करायचा काटा होता आणि तो तपासायला काटेवाले वर्षातून एकदा यायचे. असे ते अकरा वेळा आले. त्या अकरा वर्षांत ते तिला 'सिस्टर' म्हणत आणि ती त्यांना 'काटेवाले' म्हणे. लग्नानंतर पंचाईत झाली. बायकोला सिस्टर म्हणणं बरं दिसेना आणि नावाने हाक मारायला जीभ रेटेना. शेवटी तेही तिला 'अहो' म्हणू लागले. तीही त्यांना 'अहो'च म्हणायची. त्यामुळे कुठल्याही गावात गाडी उभी राहिली की दोन्ही बाजूंनी 'अहो, अहो' सुरू व्हायचं आणि बघणारे पोट धरून हसायचे. आपण मात्र तिला सिस्टरच म्हणू. नोकरी सोडली तरी रस्त्यावरची सगळी माणसं त्यांना अजून तेच म्हणतात.

सिस्टरची धाकटी बहीण मोठी व्यवहारी बाई. लग्नाला तिचा विरोध नव्हता, गाडीला होता. या वयात लोक घर बांधतात आणि तू असलेलं घर सोडून चाकांवर राहायला निघालीस, असं ती म्हणाली होती. मग तिनेच तोड काढली. एक वर्ष जाऊन बघ. जमलं तर जमलं, नाहीतर परत ये, तुझी खोली आहे तशी ठेवते. काटेवाल्यांनीही मान डोलावली होती. आता ते वर्ष आज संपत होतं. बहिणीचा मुलगा मोठ्या परीक्षेला बसणार होता, त्याला अभ्यासाला ती खोली हवी होती, म्हणून खोली ठेवायची की भाच्याला द्यायची ते आज संध्याकाळपर्यंत कळव, असा बहिणीचा निरोप होता. काटेवाल्यांना हे सगळं ठाऊक होतं. आठवडाभर त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. पण विषय काढायची त्यांची छाती झाली नाही. ज्याबद्दल बोललं नाही ते आपोआप टळतं, असं त्यांना वाटायचं. बहुतेक पुरुषांना वाटतं तसंच.

गाडीचा मागचा भाग म्हणजे घर. एका बाजूला पलंग, त्याखाली मोठी लोखंडी वजनं, समोर शेगडी आणि हात धुवायचं भांडं, वर आकड्यांना टांगलेली भांडी. पुढचा भाग आणि घर यांच्यामध्ये पत्र्याची भिंत होती. तिला छताजवळ हातभर जाळी होती. जाळीतून एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं, पण दिसत काही नसे. सिस्टर प्रवासात मागे बसत. दार ओढून घेतलं की त्या पत्र्यावर दोन टकटक करत, म्हणजे निघा. एकच टक म्हणजे थांबा. वर्षभर या बोलीत काही घोटाळा झाला नव्हता.

आणि वर्ष झकास गेलं होतं, निदान काटेवाल्यांच्या हिशेबी. पूर्वी ते ठरलेल्या गावांतून ठरलेल्या वेळी फिरायचे. सिस्टर आल्या आणि त्यांनी नवा नियम घातला. महिन्यातून एकदा अशा गावाला जायचं जे दोघांपैकी कुणीच पाहिलेलं नाही. वाटेत फाटा लागला की काटेवाल्यांनी उतरून मागे यायचं आणि रस्ता सिस्टरनी निवडायचा. त्या फारसा विचार करत नसत. डावा, म्हणायच्या, तिकडे झाडं बरी दिसतात. अशी बारा गावं झाली होती. एक खाणीचं होतं, तिथे सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. एकात प्रत्येक दुकानात मांजर होतं. एका गावात तर नदीवरचा पूल इतका अरुंद की गाडीचे आरसे मिटून घ्यावे लागले. नव्या गावात पूर्वी काटेवाल्यांना कुणी दारात उभं करत नसे, कारण आपला काटा खोटा आहे का असं विचारत आलेला अनोळखी माणूस कुणाला आवडणार? सिस्टर मात्र गाडीच्या पायरीवर भाजी निवडत बसायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला बाळाचं नाक का वाहतंय ते विचारायच्या. अर्ध्या तासात त्या बाईचा दीर स्वतःचा काटा काखेत मारून हजर.

तर त्या दिवशी सकाळी ते एका रद्दीच्या गोदामात होते. जुन्या कागदांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले आणि मधोमध जमिनीत बसवलेला मोठा काटा. चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवून काटेवाल्यांनी तो तपासला. एका कोपऱ्यात कमी दाखवत होता, तो सरळ केला. नऊच्या सुमाराला काम आटोपून ते पेटी घेऊन गाडीशी आले, ती सीटवर ठेवली आणि पट्टा ओढू लागले. सिस्टर दाराशी उभ्या होत्या.

"आज मी पुढे बसू का?" त्यांनी विचारलं.

काटेवाले पट्ट्याची कडी लावत होते. मान वर न करता म्हणाले, "मग पेटी कुठे ठेवू?"

याला म्हणतात आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं. वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस, बायको काहीतरी मागतेय, आणि या गृहस्थाला पेटीची जागा सुचली.

सिस्टर चिडल्या की आवाज चढवत नसत, उलट खाली आणत. दवाखान्यातली सवय. "अहो, गावाच्या वेशीवर पाटी असते ना," त्या म्हणाल्या, "एका बाजूला 'सुस्वागतम' आणि दुसऱ्या बाजूला 'पुन्हा या'. मी मागच्या खिडकीतून बघते. त्यामुळे गावात शिरताना मला 'पुन्हा या' दिसतं आणि गाव सोडताना 'सुस्वागतम'. बारा नवी गावं पाहिली म्हणता. मला एकही गाव येताना दिसलं नाही. सगळी जातानाच दिसली."

काटेवाले म्हणाले की पेटीला हादरे चालत नाहीत. सिस्टर म्हणाल्या की हादरे त्यांनाही बसतात, फक्त त्यांना पट्टा नाही. एवढं बोलून त्या मागे गेल्या.

आता काय झालं ते सांगतो, कारण काटेवाल्यांना ते पुढे दीड तास कळणार नाही. सिस्टर मागे चढल्या आणि हातमोजे टांगायच्या आकड्याकडे त्यांचं लक्ष गेलं. आकडा रिकामा होता. तीस वर्षांत कधी हातमोजे न विसरलेले काटेवाले आज ते गोदामातल्या काट्यावर विसरून आले होते. राग होताच, पण हातमोजे हे हातमोजे. सिस्टर खाली उतरल्या आणि दार नुसतं लोटून गोदामात गेल्या. तेवढ्यात गोदामाचा म्हातारा पहारेकरी तिथे आला. हा गृहस्थ पूर्वी सव्वीस वर्षं बसवर कंडक्टर होता. गाडीचं इंजिन चालू, दार उघडं, हे त्याला बघवेना. त्याने दार नीट लावलं आणि हाताला लागलेली जुनी खोड म्हणून पत्र्यावर दोन थापा मारल्या.

काटेवाल्यांनी दोन आवाज ऐकले. रोजच्यापेक्षा जोरात आहेत हेही त्यांच्या ध्यानात आलं. रागावल्यात, ते मनाशी म्हणाले आणि त्यांनी गाडी सोडली.

पहिले दहा किलोमीटर ते गप्प होते. मग त्यांनी घसा साफ केला आणि जाळीकडे तोंड करून पेटीबद्दल खुलासा सुरू केला. या पेटीवरच आपलं दोघांचं पोट चालतं, ती मागे ठेवली तर लोखंडी वजनांवर आपटेल, शिवाय पुढच्या सीटची गादी मऊ आहे. तेवढ्यात गाडी खड्ड्यात गेली आणि मागे एक झाकण खणकन पडलं.

"भांडी आपटू नका," काटेवाले म्हणाले.

परत खड्डा आला, परत खणखणाट झाला. काटेवाल्यांनी हे उत्तर समजून मान्य केलं की गादी मऊ आहे हे काही कारण झालं नाही. पुढे रस्ता खराबच होता, त्यामुळे वाद चांगला रंगला. ते एक बोलले की भांडी दोन बोलायची. विसाव्या किलोमीटरला त्यांनी कबूल केलं की पेटी लाकडाची आहे आणि बायको हाडामांसाची आहे. तिसाव्याला कबूल केलं की आपण तीस वर्षं एकटे राहून माणसांतून उठलो आहोत. मग डांबर गुळगुळीत झालं आणि भांडी गप्प झाली. गप्प झालेल्या बायकोला माणूस जास्त भितो. काटेवाल्यांचा आवाज उतरला.

भिंतीलाही कान असतात म्हणतात. या भिंतीला त्या दिवशी नव्हते, आणि सारं बोलणं तिलाच चाललं होतं. समोर रस्ता, हातात चाक, बायकोचा चेहरा समोर नाही. अशा वेळी या माणसाच्या पोटातलं एकेक बाहेर येऊ लागलं. पायरीवर भाजी निवडणाऱ्या तिच्याकडे बघत आपण काटा उगाच दोनदा तपासतो, हे त्यांनी सांगितलं. सकाळी जाग आल्यावर आपण कुठल्या गावात आहोत ते त्यांना आठवत नसे, पूर्वी त्याची धास्ती वाटायची. आता शेगडीचा आवाज आला की कुठलंही गाव चालतं, हेही सांगितलं. आणि मग एक अशी गोष्ट सांगितली जी त्यांनी बारा वर्षं कुणाला सांगितली नव्हती. बाळांच्या त्या काट्याची तपासणी दोन वर्षांतून एकदा करायची असते. ते दर वर्षी जात होते. नियमच आहे म्हणून ठोकून द्यायचे. सरळ 'तुम्हाला भेटायला आलो' म्हणण्याऐवजी अकरा वर्षं ताकाला जाऊन भांडं लपवत होते.

"तो काटा एकदाही बिघडलेला नव्हता, अहो," ते म्हणाले. मागून काही आवाज आला नाही. झाकणसुद्धा वाजलं नाही. काटेवाल्यांना वाटलं, संपलं.

साठाव्या किलोमीटरला फाटा लागला. दोन्ही रस्ते अनोळखी. नियमाप्रमाणे ते उतरले, मागे गेले आणि आवाजात जमेल तेवढा गोडवा आणून म्हणाले, "डावा की उजवा?" दार उघडलं. पलंगावर शाल होती, जमिनीवर तीन झाकणं लोळत होती. सिस्टर नव्हत्या.

काटेवाल्यांनी पलंगाखालीसुद्धा वाकून बघितलं. आधी त्यांना वाटलं, वाटेत पडल्या. मग वाटलं, उतरून गेल्या. मग ते दोन मोठे आवाज आठवले. गाडी चालवताना फोन बंद ठेवायचा हा त्यांचा आणखी एक नियम, तो त्यांनी चालू केला. सिस्टरचा फोन तर इथेच शेगडीशेजारी चार्जिंगला लावलेला होता. एका अनोळखी नंबरावरून सात वेळा फोन येऊन गेले होते. त्यांनी तो लावला. पहारेकऱ्याने उचलला आणि आधी स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या. मग म्हणाला की बाई बराच वेळ इथे बसल्या होत्या. मघाशी उठून बसथांब्याकडे गेल्या.

"कुठल्या बसच्या?"

"इथून एकाच गावाला बस जाते, साहेब." आणि पहारेकऱ्याने बहिणीच्या गावाचं नाव सांगितलं.

काटेवाले गाडीपाशी नुसते उभे राहिले. वर्षाचा शेवटचा दिवस, सकाळी भांडण, वर बायकोला रस्त्यात टाकून नवरा पसार. याहून स्पष्ट उत्तर कुठली बाई मागेल? आपण तिच्या जागी असतो तर पहिल्या बसला बसलो असतो. मग त्यांनी एक गोष्ट केली जी तीस वर्षांत केली नव्हती. पुढच्या सीटचा पट्टा सोडला, पेटी दोन्ही हातांनी उचलली, मागे नेऊन पलंगावर ठेवली आणि शालीत गुंडाळली. सीटच्या गादीला पेटीच्या चार पायांचे चार खोल खड्डे पडले होते. ते त्यांनी तळहाताने दाबून सारखे करायचा प्रयत्न केला. होईनात. मग गाडी वळवली.

परतीचे साठ किलोमीटर त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. समोरून एक बस आली. ती जवळ येऊन निघून जाईपर्यंत त्यांनी एकेक खिडकी बघितली. भाच्याला खोली हवी आहे, तो बिचारा अभ्यास कुठे करणार, असलं काहीतरी त्यांच्या डोक्यात फिरत होतं, जणू त्या मुलाच्या काळजीनेच त्यांचा जीव कासावीस झाला होता.

बसथांबा म्हणजे एक पत्र्याचं छप्पर होतं. त्याखाली गोदामातली लाकडी खुर्ची टाकलेली आणि खुर्चीत सिस्टर बसलेल्या. मांडीवर हातमोजे, व्यवस्थित घडी घातलेले. शेजारी पहारेकरी पंच्याने त्यांना वारा घालत होता आणि त्या त्याला तसं करू नका म्हणून सांगत होत्या.  काटेवाले उतरले, पण पुढे काय करायचं ते त्यांना कळेना. पहारेकरी त्यांच्या पाया पडायला वाकला, त्याला त्यांनी धरून उभं केलं. त्या निमित्ताने निदान कुणाला तरी धरता आलं.

"बस आली होती," सिस्टर म्हणाल्या. "दोन आल्या."

"मग?"

"हातमोजे तुमचे होते माझ्याजवळ. ते कुणाकडे देणार?" असं म्हणून त्यांनी हातमोजे पुढे केले. पहारेकरी तिथेच उभा होता, चांगले दोन हात असलेला. पण तो जुना कंडक्टर, कुठे बोलायचं नाही हे त्याला कळत होतं.

सिस्टर सवयीने मागे निघाल्या. काटेवाल्यांनी पुढचं दार उघडून धरलं. सिस्टरनी रिकामी सीट पाहिली, गादीवरचे चार खड्डे पाहिले. आणि चढून बसल्या. पट्टा कसा लावायचा ते त्यांना माहीत नव्हतं, तो काटेवाल्यांनी लावला.

गाडी सुटली. वीस किलोमीटर गेले. समोरून झाडं येत होती, माणसं येत होती, एक वळण आलं आणि त्यामागून तळं आलं. सिस्टर सीटच्या टोकाला येऊन बघत होत्या. काटेवाले मात्र मूग गिळून बसले होते. मघाशी जे धबधब्यासारखं वाहत होतं ते आता शेजारी बायको बसल्याबरोबर आटलं होतं.

"दीड तास मी बोलत नाही याचं तुम्हाला काही वाटलं नाही?" सिस्टरनी विचारलं.

"मला वाटलं रुसलात. आणि भांडी वाजत होती मधून मधून."

"मग तुम्ही काय केलंत?"

"बोलत होतो."

"काय?"

काटेवाल्यांनी तोंड उघडलं, सिस्टरकडे पाहिलं आणि परत मिटलं. कान लाल झाले. एवढा मोठा माणूस, पण शाळेत कविता विसरलेल्या पोरासारखा घाम पुसू लागला. पेटीबद्दल होतं काहीतरी, असं पुटपुटला. सिस्टरनी पुन्हा विचारलं नाही. अकरा वर्षं त्यांनी या माणसाला बाळांच्या काट्यासमोर उगाच घुटमळताना पाहिलं होतं, त्याचं यंत्र कुठे अडतं ते त्यांना माहीत होतं.

फाट्यावर गाडी थांबली तेव्हा सिस्टरनी पट्टा सोडला. "उजवा," त्या म्हणाल्या. "आणि मी मागे बसते. तुम्ही मघाशी जे बोललात ते पहिल्यापासून बोला."

त्या मागे गेल्या. पलंगावर पेटी शाल पांघरून पडली होती, तिला त्यांनी सरकवलं असावं, कारण तसा आवाज आला. मग दार लागलं. दोन टकटक झाल्या. तरी काटेवाले खाली उतरून, मागे जाऊन, दार उघडून बघून आले.

मग त्यांनी उजवा रस्ता धरला आणि समोर बघत सुरुवात केली. मघासारखं जमलं नाही. आधीचं नंतर आलं, नंतरचं आधी. पेटीचा खुलासा त्यांनी गाळला, तो आता त्यांनाच पटत नव्हता. शेगडीचं सांगितलं. भाजी निवडायचं सांगितलं. दोन वर्षांच्या तपासणीचं सांगताना इतके अडखळले की गाडी दुसऱ्या गिअरवर आली. जाळीतून काही आवाज नाही. पण यावेळी त्यांना भांडी आणि माणूस यांतला फरक कळत होता. मागे कुणीतरी ऐकतंय, हे नुसत्या शांततेवरून कळत होतं.

"आणि आज फोन करायचाय तुम्हाला, मला माहिती आहे," ते म्हणाले. "वर्ष झालं. तुम्ही म्हणाल ते मी ऐकेन, तसं ठरलंच होतं. पण मला विचाराल तर, अहो, ती खोली देऊन टाका. तुम्ही गेलात तर मी परत तीच जुनी गावं करत बसेन. नव्या गावाला एकट्याने जायचं माझ्याने होणार नाही."

पत्र्यावर एकच टक वाजली. थांबा.

 काटेवाल्यांनी गाडी कडेला घेतली. मागचं दार उघडल्याचा आवाज आला, मग लागल्याचा. पावलं गाडीच्या कडेने पुढे आली. ते समोर बघत बसले, मान वळवायची हिंमत नव्हती. पुढचं दार उघडलं आणि सिस्टर चढून त्यांच्या शेजारी बसल्या. डोळे पुसलेले होते, पण आवाज साधा होता.

"दोन वर्षांचं मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"अहो, दाखल्यावर लिहिलेलं असायचं. दाखला दोन वर्षांसाठी. तुम्हीच लिहून द्यायचात आणि मीच भिंतीवर लावायची. मला वाचता येतं."

 स्वतःच्या हाताने काटेवाल्यांनी ते अकरा वेळा लिहून दिलं होतं. "मग कधी बोलला नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही एका वर्षाआड आला असतात."

मग त्यांनी फोन काढला आणि बहिणीला लावला. पलीकडून बहीण बरंच काही विचारत असावी, जेवण, झोप, पाठ दुखते का वगैरे. सिस्टर हो, हो म्हणत राहिल्या. शेवटी म्हणाल्या की खोली पोराला दे, आणि खिडकीपाशी टेबल ठेव, तिथे उजेड चांगला येतो. बहीण थोडी रडली. त्याही थोड्या रडल्या. फोन ठेवला आणि मग समोर बघितलं.

रस्त्याच्या उताराला, हाकेच्या अंतरावर, दोन खांबांवर एक पाटी होती. तिच्यामागे छपरं, एक उंच चिमणी, वाळत घातलेले कपडे, कुणाच्या तरी अंगणात उलटी ठेवलेली सायकल. दोघांपैकी कुणीच न पाहिलेलं गाव. सिस्टरनी डोळे बारीक करून पाटी वाचली, मोठ्याने, एकेक अक्षर वेगळं करून, "सु-स्वा-ग-त-म." पुन्हा एकदा वाचली. मग पट्टा ओढून स्वतःच लावला आणि समोरच्या पत्र्यावर बोटाने दोनदा वाजवलं.

काटेवाल्यांनी दोन टकटक नीट ऐकल्या. तरीही आधी मान वळवून शेजारी बघितलं, ती तिथेच आहे याची खात्री केली आणि मगच गाडी सोडली.